कुलूपबंद टपाल आणि एक ‘न्हाई’

‘मॅडम, ओके दाबू का?’ हा प्रश्न माझ्या दुकानात जितक्या वेळा विचारला गेला तितक्या वेळा मी चहासुद्धा प्यायले नसेन. गंमत म्हणजे प्रश्न विचारेपर्यंत माणसानं ओके दाबलेलं असायचं. मला फोन यायचा तो दाबल्यानंतर काय झालं हे सांगायला.

कामशेतच्या बाजारपेठेत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. मागच्या वर्षी शटर कायमचं खाली ओढलं आणि आता लोणावळ्याला भांगरवाडीत घरी बसून लोकांना फुकटचे सल्ले देते. मावळात मला कुणी नावानं ओळखत नाही. ‘ती डब्बेवाली बाई’ म्हटलं की पवनानगरच्या जीपवाल्यापासून वडिवळ्याच्या सरपंचापर्यंत सगळ्यांना पत्ता लागतो. डबा म्हणजे कॉम्प्युटरचा तो लोखंडी खोका. आमच्याकडे पडदा तो टीव्ही आणि बाकी सगळं तो डबा.

लोकांना वाटतं की दुरुस्ती म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर. तो माझ्या हातात क्वचितच असायचा. निम्मं काम टपालाचं, म्हणजे ईमेलचं. हॉटेलवाले, बंगल्यांची देखभाल बघणारे एजंट, गुलाबाची हरितगृहं चालवणारे शेतकरी, तळेगाव एमआयडीसीतले छोटे कारखानदार, सगळ्यांच्या टेबलावर टपालाचा एक प्रोग्राम असायचा. वेबसाईट न उघडता टपाल सर्व्हरवरून थेट आपल्या डब्यात उतरवून देणारा. तो एकदा नीट बसवला की वर्षानुवर्षं कुरकुर करत नाही. मात्र एक काळ असा आला की टपाल देणाऱ्या सगळ्या कंपन्यांनी एकामागून एक फर्मान काढलं: यापुढे उघडं टपाल बंद, जे काही न्यायचं-आणायचं ते कुलपातून. मग मावळभरचे डबे एकदम मुके झाले आणि माझी स्कूटर इंद्रायणीच्या पुलावरून दिवसातून किती वेळा जायची ते विचारू नका.

हे कुलूप म्हणजे काय ते थोडं सांगते, कारण सांगण्याची मला हौस आहे.

माझं माहेर नवलाख उंबरे. वडील बैल घ्यायला चाकणच्या बाजारात जायचे आणि मी हट्टानं मागं लागायचे. तिथे सौदा करताना कुणी तोंडानं भाव बोलत नसे. दोघं समोरासमोर बसायचे, हातांवर उपरणं टाकायचे आणि उपरण्याखाली बोटं दाबून भाव ठरायचा. भोवती माणसांचा गराडा. सौदा चाललाय हे सगळ्यांना दिसतंय, पण काय चाललंय ते त्या दोन हातांनाच ठाऊक. मला त्या उपरण्याखाली काय आहे हे बघायची इतकी ओढ लागायची की एकदा मी खरंच खाली डोकं घातलं आणि एका अनोळखी व्यापाऱ्याची चापट खाल्ली.

टपालाचा प्रोग्राम आणि सर्व्हर हेच करतात. आधी उघड्यावर नमस्कार-चमत्कार होतो आणि मग उपरणं पडतं. त्यानंतर वाटेतल्या कुणीही कान लावला तरी त्याला नुसती खुसफूस ऐकू येते. पण यात एक मेख आहे. उपरण्याखालचा हात आपल्याला हवा त्याच माणसाचा आहे कशावरून? वडील हात पुढे करण्याआधी समोरच्याला गाव विचारायचे, कुणाचा कोण ते विचारायचे आणि ओळखीचा दलाल मध्ये असला तरच बसायचे. सर्टिफिकेट म्हणतात ते हेच. सर्व्हर म्हणतो मी अमुक, आणि एक जाणती संस्था त्याच्या वतीनं सही देते की होय, हा अमुकच. नाव जुळलं नाही, मुदत टळलेली असली किंवा सही करणाराच अनोळखी निघाला तर प्रोग्राम थांबतो आणि लाल खूण दाखवून विचारतो, ओळख पटत नाही, तरी पुढे जायचं का?

आणि आपली माणसं काय करतात? ओके दाबतात. ‘चालतंय की’ हा आपला राष्ट्रीय बाणा आहे. एमआयडीसीतल्या एका साहेबांनी तर मला अभिमानानं दाखवलं होतं की ती लाल खूण पुन्हा येऊच नये अशी सोय त्यांनी स्वतःच शोधून काढली आहे. मी म्हटलं, साहेब, दारावरचा कुत्रा भुंकतो म्हणून तुम्ही त्याला विकून आलात. ते हसले. त्यानंतर त्यांनी मला कामाला बोलावलं नाही.

उलटेही नमुने भेटायचे. लोणावळ्यातल्या एका चिक्कीच्या दुकानात टपाल येईना म्हणून गेले. प्रोग्राम म्हणत होता, सर्टिफिकेट अजून लागू झालेलंच नाही. मालक हवालदिल. मी पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ बघितलं तर डब्याची आतली बॅटरी मेलेली आणि तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली. त्या डब्याच्या दृष्टीनं ते सर्टिफिकेट अजून जन्मालाच आलं नव्हतं. मालकांना हे समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी फार गंभीरपणे विचारलं, ‘म्हणजे तेव्हा हाटेलाची जागा घ्यायची राहिली होती, ती आता घेता येईल का?’ बॅटरी बदलली, तारीख ताळ्यावर आणली आणि शेंगदाणा चिक्की खात परत आले.

असे पुष्कळ किस्से आहेत. पण दुकान बंद केल्यावर मला वारंवार आठवतात त्या मंदाबाई.

तो बाजाराचा दिवस होता. एक बाई गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी छातीशी धरून पायरी चढल्या. मला वाटलं लहान मूल असावं. टेबलावर ठेवून गोधडी सोडली तर आत डबा.

“वडिवळ्यावरनं आले,” त्या म्हणाल्या. “जीपवाला म्हनला टपावर बांधू. म्या म्हनलं, बांधशील आन् वाटंत पडला मंजी? मांडीवर घेऊन आले.”

“काय झालंय याला?”

“ह्याला काय झालंय त्ये तुमी बघा. मला पोरीला एक निरोप धाडायचाय. आजच्या आज.”

मंदाबाई पन्नाशीच्या, चौथी शिकलेल्या. नवरा गेल्यापासून त्या आणि त्यांचे दीर मिळून धरणाखालची भातशेती बघतात. मुलगी एकच, अश्विनी. ती मालवाहू जहाजावर शिकाऊ अधिकारी म्हणून चढली होती. समुद्रावरचे ठरलेले महिने पुरे केल्याशिवाय तिला अधिकाऱ्याच्या परीक्षेला बसता येणार नव्हतं आणि ते पुरे व्हायला थोडेच उरले होते. जहाज जुनं. भर समुद्रात फोन नाही. घरी फक्त साधं टपाल, तेही नुसतं अक्षरांचं. फोटो नाही, आवाज नाही. आणि तेही चढताना घरचा म्हणून जो एक पत्ता नोंदवला असेल त्याच्याशीच. अश्विनीनं या डब्यातला पत्ता दिला होता. जायच्या आधी तिनं हा डबा घरी बसवला, कीबोर्डवर मराठी अक्षरांचे चिकट कागद लावले आणि आईला एका बोटानं लिहायला शिकवलं.

“मग अडचण काय?” मी विचारलं.

मंदाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. “आमच्या भावजींनी सोयरीक आनली. पोरगा चांगला हाय, त्ये बी खरं. पन त्यास्नी पोराच्या ह्याच सुट्टीत लगीन पायजे. भावजींनी माझ्या नावानं पोरीला लिवलं, तुझी आई हो म्हनली, फुडल्या बंदरात उतर आन् ये. मला मागनं सांगितलं. म्या कवा हो म्हनले? म्या लिवायला बसले तर ह्यो डबा काय नेईना आन् काय आनीना. पोरगी उतरली तर समदं गेलं, ताई. पुन्ना कोन चढू देतंय तिला?”

डबा टीव्हीला जोडला. प्रोग्राम उघडून सेटिंग बघितल्या आणि माझ्या लक्षात आलं. टपाल देणारी कंपनी छोटी, तळेगावकडची. तिनंही फर्मान काढलं होतं. सुरक्षेच्या रकान्यात जुनंच ‘नन’ बसलेलं, म्हणजे उघडं टपाल, आणि ते दार कंपनीनं बुजवून टाकलेलं. भावजींचं पत्र त्या दारातून बहुधा शेवटचं बाहेर पडलं होतं. वेबसाईटवरून टपाल बघायची सोय त्या कंपनीनं कधी केलीच नव्हती, त्यामुळे दुसरी वाटही नव्हती.

मी ‘नन’ काढून तिथे एसएसएल, म्हणजे कुलूप, निवडलं, येणाऱ्या टपालाला नऊशे त्र्याण्णव नंबरचं दार दिलं, जाणाऱ्याला चारशे पासष्ट. हे नंबर मला माझ्या रेशनकार्डाच्या नंबरापेक्षा जास्त पाठ आहेत. बटण दाबलं आणि लाल खूण आली.

“काय म्हनतंय?”

“ओळख पटत नाही म्हणतंय. आपण ज्या नावानं हाक मारतोय ते नाव आणि त्याच्या सर्टिफिकेटावरचं नाव वेगळं आहे.”

“मंग दाबा की ओके!”

“नाही दाबणार.”

“का वो?”

“कारण तुमचा पासवर्ड आणि तुमचं सगळं टपाल मी त्याच्या हातात देणार. तो कोण ते कळल्याशिवाय नाही देणार.”

मंदाबाईंचा जीव वरखाली होत होता आणि मी नियम सांगत बसले होते. पण या एका बाबतीत मी हट्टी आहे. कंपनीला फोन लावला. पलीकडचा मुलगा म्हणाला, ‘मॅडम, यस करा ना. सगळे करतात.’ मग मी त्याला जे ऐकवलं ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही. शेवटी त्यानं सांगितलं की त्यांची कंपनी मोठ्या कंपनीनं घेतलीय, सर्व्हरचं नाव बदललंय, सर्टिफिकेट नव्या नावाचं आहे. नवं नाव घातलं की जुळेल.

फोन ठेवून मी हे मंदाबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “मंजी कंपनीचं लगीन झालं म्हना की. सासरचं नाव लागलं.” एवढ्या काळजीतही मला हसू आलं.

नवं नाव घातलं. आता लाल खूण नाही. पण प्रोग्राम पासवर्ड मागायला लागला, कारण त्यानं तो जुन्या नावाच्या खाली जपून ठेवला होता आणि नवं नाव त्याला परकं. पासवर्ड अश्विनीनं घातलेला, मंदाबाईंना माहीत नाही. मी त्यांची परवानगी घेऊन प्रोग्रामच्या पोटातला जुना पासवर्ड काढला आणि नव्या जागी घातला. तो काय होता ते मी कुणाला सांगितलेलं नाही, आमच्या धंद्यात तेवढी लाज पाळावी लागते. बटण दाबलं. बारीकसं कुलूप दिसलं आणि टपाल धडाधड उतरू लागलं.

जाहिराती, वीजबिलाची आठवण आणि मध्ये अश्विनीची पत्रं. सगळ्यात वरचं त्याच दिवशी सकाळचं. मी मोठ्यानं वाचलं.

‘आई, तू खरंच हो म्हणाली आहेस का? पुढच्या बंदरात उतरायचं असेल तर मला आज रात्रीच्या आत कॅप्टनना सांगावं लागेल. मला उतरायचं नाही. पण तूच म्हणत असशील तर उतरते. कृपया कळव.’

मंदाबाई पडद्याकडे वाकल्या. “कृपया म्हनती,” त्या म्हणाल्या. “पाहुन्यावानी लिवतीया माझी पोरगी. भावजी वाचतील ह्या भ्यानं.”

“लिहा आता तुम्ही,” मी कीबोर्ड पुढे सरकवला.

त्यांनी हात मागे घेतला. “न्हाई ताई. तुमी लिवा. माझं लिवनं मंजी जेवली का, झोपली का. ह्ये काम मोठं हाय. शुद्ध लिवा. वजन पडलं पायजे.”

माझी कळी खुलली, ते कशाला लपवू? शुद्धलेखन हा माझा मानाचा विषय. मी लिहिलं: ‘चि. अश्विनी हिस अनेक आशीर्वाद. तुझ्या काकांनी पाठवलेल्या पत्राशी मी सहमत नाही. त्यांनी ते मला न विचारता लिहिले आहे. तुला घरी परतण्याची आवश्यकता नाही. आपले प्रशिक्षण पूर्ण करूनच ये. तुझी आई.’ वाचून दाखवलं. मंदाबाईंनी मान डोलावली. “ब्येस. साहेबावानी झालंय.” मी पाठवलं. कुलपातून गेलं.

जहाजावरचं टपाल ठरावीक वेळांनाच घेतलं-दिलं जातं. तेव्हा थांबणं आलं. मंदाबाई बाजारात मिरच्या घ्यायला गेल्या आणि परत आल्या त्या एका गृहस्थांना मागे घेऊन. पांढरा सदरा, खिशाला पेन, डोळ्यांवर सोनेरी काड्यांचा चष्मा. हेच ते दीर, नामदेवराव. गावच्या सोसायटीत सचिव होते. वहिनी डबा घेऊन जीपमध्ये बसल्याची बातमी त्यांना आधीच पोचली होती.

“मॅडम, माझं काय चुकलं तुमी सांगा,” ते बसता बसताच म्हणाले. “बाप न्हाई पोरीला. मी बघनार न्हाई तर कोन बघनार? जहाजावर समदी पुरुष मान्सं. गावात लोक इचारत्यात, कुटं हाय तुमची पुतनी? काय सांगू, पान्यात हाय?”

“पान्यात हाय म्हनून सांगा. खोटं हाय का त्ये?” मंदाबाई म्हणाल्या.

“वैनी, तुमी हो म्हनला असताच. मी निसतं आदी लिवलं.”

“म्या म्हनले असते तर म्याच लिवलं असतं, भावजी.”

नामदेवराव वाईट माणूस नव्हते. पुतणीचा फोटो त्यांच्या पाकिटात होता, ती जहाजावर चढली त्या दिवशी कठड्याला टेकून काढलेला, आणि मी न विचारताच त्यांनी तो मला दाखवला. त्यांना काळजी होती आणि काळजी असलेल्या माणसाला दुसऱ्याच्या नावानं बोलण्यात काही चूक वाटत नाही.

इतक्यात डब्यानं टिंग केलं. अश्विनीचं उत्तर. नामदेवरावांनी चष्मा सारखा केला आणि सोसायटीच्या सभेत इतिवृत्त वाचावं तसं वाचायला सुरुवात केली.

‘काका, आता पुरे करा. आधी आईच्या नावानं हो लिहिलंत, आता तिच्याच नावानं नाही लिहिताय. सहमत आणि आवश्यकता हे शब्द माझ्या आईनं जन्मात वापरलेले नाहीत. ती आजारी आहे का? तिला का लिहू देत नाही? मी पुढच्या बंदरात उतरते आणि घरी येऊन तिलाच विचारते.’

वाचता वाचता त्यांचा आवाज खाली गेला. मग ते एकदम उसळले, “आयला! पन ह्ये म्या न्हाई लिवलं!”

मंदाबाई माझ्याकडे बघत होत्या आणि मी पडद्यावरच्या त्या बारीकशा कुलपाकडे बघत होते. माझं सगळं काम बिनचूक होतं. दार बरोबर, नाव बरोबर, सर्टिफिकेटावरची सही खरी. वाटेत कुणी एक काना-मात्रासुद्धा बदललेली नव्हती. अक्षर न् अक्षर जसंच्या तसं समुद्रात पोचलं होतं आणि पलीकडे मुलीनं लाल खूण दाखवली होती. ओळख पटत नाही. आणि ती काही आपल्यासारखी ओके दाबणारी नव्हती.

मला वाईट वाटायला हवं होतं, वाटलंही, पण खरं सांगायचं तर आधी कुतूहल जागं झालं. मी मंदाबाईंची जुनी पत्रं उघडली, पाठवलेल्यांच्या खणातली, त्यांनी एका बोटानं लिहिलेली. ‘जेवली का. हितं लय पानी.’ ‘तांबडीला कालवड झाली. तुजं नाव घेतलं आन् धार काडली.’ ‘समुद्र कसा आसतो त्ये लिव.’ मग नामदेवरावांचं पत्र उघडलं आणि त्याच्याशेजारी माझं. ‘विवाहासंदर्भात’, ‘सहमत’, ‘आवश्यकता’. एकाच हातातून उतरल्यासारखी दोन पत्रं. नामदेवरावही वाकून बघत होते. ते म्हणाले, “मॅडम, तुमी बी सोसायटीत होता का?”

मंदाबाई खुर्ची ओढून माझ्याजवळ बसल्या. दुकानातल्या कीबोर्डवर मराठी कागद चिकटवलेले नव्हते, तेव्हा टाईप मलाच करावं लागणार होतं. “आता मी बोलते तसं घ्या,” त्या म्हणाल्या. “येक अक्षर हालवू नका.”

“बोला.”

“अशे. म्या न्हाई म्हनले.”

मी टाईप केलं: मी नाही म्हणाले.

त्यांनी पडद्याकडे बघितलं. चौथी शिकलेल्या असल्या तरी वाचता येत होतं. “असं न्हाई म्हनले मी,” त्या म्हणाल्या.

मी खोडलं. पुन्हा लिहायला गेले आणि बोटं पुन्हा ‘ना’कडेच वळली. हे ऐकायला क्षुल्लक वाटेल. पण नवलाख उंबऱ्याच्या शाळेत माझ्या तोंडून ‘न्हाई’ गेलं की बाई मला बाकावर उभं करायच्या. मग मी शुद्ध झाले. इतकी शुद्ध झाले की नोकरीच्या गावाहून घरी फोन केला की माझी आई पलीकडून विचारायची, ‘कोन बोलतंय?’ मला वाटायचं लाईनीत खरखर असेल. दोन-दोनदा नाव सांगायचे तेव्हा तिला पटायचं. आज ती नाही. मंदाबाईंच्या शेजारी बसून, बोटं कीबोर्डवर ठेवून मला ते ‘कोन बोलतंय’ आठवलं.

‘न्हाई’ लिहिलं. प्रोग्रामनं लगेच त्याच्याखाली लाल रेघ ओढली. चूक आहे म्हणून. इतकी वर्षं मी लोकांना सांगत आले की लाल खूण आली की थांबा. त्या दिवशी पहिल्यांदा मी लाल खूण तशीच ठेवून पुढे गेले.

“हं. फुडं?”

मंदाबाई डोळे मिटून बोलत गेल्या, ओट्यावर बसून बोलावं तशा, आणि मी एक अक्षरही न हलवता उतरवत गेले:

‘अशे. म्या न्हाई म्हनले. काका म्हनला असंल, त्याला तुजी काळजी हाय. आदीचं शुद्ध लिवलेलं म्याच सांगून लिवून घेतलं, मला वाटलं वजन पडंल. उतरू नको. लगीन काय पळून चाललं न्हाई. हितं भात पोटरीला आलंय. कालवड लय उंडारती, दावं तोडती. तुज्यावानीच हाय. समुद्र कसा आसतो त्ये आजून लिवलं न्हाई तू. पुरं करून ये. जेवत जा.’

पाठवा म्हणाल्या. पाठवलं. पडद्यावरचा तो मजकूर जवळजवळ सगळाच्या सगळा लाल रेघांवर उभा होता.

मग आम्ही तिघं थांबलो. मी चहा सांगितला. नामदेवरावांनी बशीत ओतून फुंकर घालत घेतला आणि मध्येच म्हणाले, “वैनी, पावन्यांना मी सांगतो. म्हननार न्हाई काय त्ये. लयच तर रुसतील.” मंदाबाईंनी बाजारातून आणलेल्या भज्यांचा पुडा त्यांच्याकडे सरकवला. बाहेर बाजार उठायला लागला होता, भाजीवाल्या पाट्या रचत होत्या. माझी नजर सारखी डब्याकडे जात होती. धंद्यात इतकी वर्षं घालवून एखाद्या टपालाची वाट मी त्याआधी कधी बघितली नव्हती.

टिंग झालं. नामदेवराव चष्म्याकडे हात नेत होते, पण मंदाबाईंनी त्यांना हातानंच थांबवलं आणि स्वतः पडद्यापाशी गेल्या. बोट काचेवर टेकवून अक्षर लावत लावत वाचलं.

“व्हय आये. आता पटलं. न्हाई उतरत मी.”

पुन्हा पहिल्यापासून वाचलं. आमच्याकडे वळल्या तेव्हा डोळे भरलेले होते आणि चेहरा हसत होता.

“बघा भावजी,” त्या म्हणाल्या, “उद्या अधिकारी होनार, पन न्हाईच म्हनतीया.”